अर्धा ग्लास पाणी

भाताच्या पहिल्याच घासाला मालतीबाईंच्या दाताखाली पुन्हा कचकन लागलं. त्यांनी तो कण तळहातावर काढला. पांढुरका, तांदळाच्या कणीएवढा.

"पाण्यातूनच येतंय हे," त्यांची सून अंतरा वैतागून म्हणाली. "प्लंबर गच्चीवरचे पाइप बदलून गेला, तेव्हापासून नळाला ही घाण. फडकं बांधलं तरी बारीक भुकटी आणि कण उतरतातच."

"अगं, पाइपातला चुना असेल," मालतीबाईंचा मुलगा यज्ञेश म्हणाला. त्याने नळाखाली ग्लास धरला, अर्धा गटागटा प्यायला आणि उरलेला टेबलावर आपटला. "बघ. मेलो का?"

यज्ञेशचं सगळं असंच. बोलण्यात कधी मागे नाही, करायची वेळ आली की गायब. त्याचे वडील, शशिकांत, दिवाळीत गेले. मालतीबाई म्हणत होत्या, आपल्या भिसेगावातून नदी दोन पावलांवर आहे, अस्थी तिथेच सोडू. पण यज्ञेशला काशीच हवी. चार लोकांत सांगायला बरं! मग कधी सुट्टी नाही, कधी तिकीट नाही. होळी झाली तरी अस्थींचं मडकं आपलं गच्चीवरच. घरात आणायचं नसतं, म्हणून टाकीजवळच्या पाइपाला टांगलेलं. मालतीबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे. मडकं खालून दिसत नसलं तरी त्या रोज अंगणातूनच वर बघून हात जोडायच्या आणि पुटपुटायच्या, "आणखी थोडेच दिवस हं." जन्मभर कुणाला ताटकळत न ठेवलेल्या माणसाला आपण असं टांगून ठेवलंय, याची त्यांना फार लाज वाटायची.

"त्या भिवाजीला फोन लाव," त्या म्हणाल्या.

भिवाजी म्हणजे पोशीर गावचा तोच प्लंबर. यज्ञेशने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काय रे, काय घाण करून ठेवलीस टाकीत?"

"घाण? आवो साहेब, टाकी आतून घासून दिली मी! आन् पाइपाला ते ब्लिचिंग पावडरचं मडकं टांगलं व्हतं ना, ते बुडाला भोक पाडून आत सोडलं. आमच्या गावाला पंचायतवाले पाणी साफ ऱ्हावं म्हणून हिरीत सोडतात, तसं. तुमाला फोन करून विचारलं की! तुमीच म्हणलात, सोड रे बाबा, मीटिंगमध्ये आहे, डोकं खाऊ नकोस."

अंतरा तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. फोनमधून भिवाजी "हॅलो, साहेब, हॅलो" करत राहिला.

यज्ञेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने टेबलावरचा ग्लास उचलला आणि घाईघाईने बेसिनकडे निघाला.

"ओतू नकोस," मालतीबाई म्हणाल्या. तळहातावरचा तो कण त्यांनी मुठीत घट्ट मिटला होता. "त्यात तुझे बाबा जेवढे उरलेत, तेवढे तरी आज नदीवर पोचव."