लाल पेन

थोरल्या बहिणीला जुळी झाली, त्याच वर्षी टियोंगे गणितात दुसऱ्यांदा नापास झाली. मामाने निकालाचा कागद घडी घालून परत दिला. घरात त्याचाच शब्द चाले.

"अजून एकदा बस. नाहीतर मळ्यावर चहा खुडायला जायचं."

मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं बिऱ्हाड नवंच होतं. आई म्हणाली, "शाळेमागे हेडमास्तरांचं घर आहे. तिथं विचार."

हेडमास्तर वारून दोन वर्षं झालेली. ओसरीवर त्यांची म्हातारी बायको एसनार्ट, सगळ्या गावाची गोगो म्हणजे आजी, भाजलेल्या शेंगा सोलत होती. आत फळीवर वह्यांची चळत, डब्यात लाल पेन.

"गोगो, मला अपूर्णांक येत नाहीत. असमानताही नाही."

"मग येतं काय?"

"रडता येतं."

"ते मलाही येतं. बस. मोठ्यानं वाच."

टियोंगे रोज दुपारी जाऊ लागली. पुस्तक तिच्याच मांडीवर असे, गोगोची नजर शेंगांवर.

"दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश," टियोंगेने वाचलं. वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. "पाच सप्तमांश."

"म्हणजे टोपलीभर होतात का?"

"नाही. कमीच."

"अर्ध्याहून जास्त भरलेली एक टोपली, पाऊण भरलेली दुसरी. दोन्ही ओतल्या तरी एक भरेना? शेंगा कुणी खाल्ल्या, तू?"

टियोंगे हसली आणि तिने ओळ खोडली.

असमानतेपाशी मात्र ती अडली. "ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं. का ते कळत नाही."

"वर्गातले मास्तर काय म्हणाले?"

"पाठ करा म्हणाले."

गोगोने समोर बोट केलं. समोरच्या अरुंद पायवाटेवरून दोघीजणी एकीमागे एक नदीकडे चालल्या होत्या.

"पुढं कोण आहे?"

"लाल चितेंजे नेसलेली."

गोगोने हाक मारली, "अगं, बादली इथंच राहिली की!" दोघी जागच्या जागी वळल्या.

"आता पुढं कोण?"

"मागची होती ती!" टियोंगे म्हणाली. मग घाईघाईने वही उघडून तिने सगळी उदाहरणं एका बैठकीत सोडवली.

"तपासता, गोगो?"

गोगोने लाल पेन तिच्यापुढे सरकवलं. "तू वाच, मी ऐकते. आवाज अडखळला की समज, तिथं चूक आहे. खुणा तूच कर."

तेव्हा टियोंगेला वाटे, इतकी कडक बाई वर्गात पोरांना कशी सोसवली असेल.

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. मामाने कागद घडी न घालता भिंतीवर लावला. पुढे शिक्षिका होऊन ती त्याच शाळेत आली. सकाळी मुलांना शिकवी, दुपारी आंब्याखाली गावातल्या मोठ्या माणसांना. आजही फळ्यावर चिन्ह उलटताना तिला ती लाल चितेंजे वळताना दिसते, आणि भाजलेल्या शेंगांचा वास येतो.

एसनार्ट नाखुम्वा २००४ च्या ऑगस्टमध्ये, तिथली थंडी सरता सरता गेली. आंब्याखालच्या वर्गात टियोंगेने तिचा हात धरून तिला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं, त्याला तेव्हा नऊ महिने झाले होते.