पाठमोरा

"उदयराव, तुम्ही भाषण ठोकताय," दिग्दर्शक कुमार म्हणाला. "बायको मरायला टेकलीय तुमची. इथे काय चौकात सभा आहे?"

सुकापूरच्या एका बंगल्यातली वरची खोली हुकूमशहाचं शयनगृह झाली होती. दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिकेतला हा नववा भाग. पलंगावर वल्लरी हुकूमशहाची आजारी बायको होऊन पडली होती. शेजारी खाकी गणवेशात, छातीवर पत्र्याची पदकं लावून उदयसिंह उभे होते. सभा, फाशीचे हुकूम, सेनापतींना दरडावणं, सगळं त्यांनी पहिल्या टेकला दिलं होतं. इथे मात्र सकाळपासून अडलं होतं.

"आठ भाग आपण त्यानं देशाला छळलेलं दाखवलं," कुमार म्हणाला. "आता घरात तो कसा होता ते दिसलं पाहिजे. बायकोशी."

"थप्पड मारणार का काका?" वल्लरीनं उशीवरून विचारलं. "आधी सांगा हं. मेकअपला दोन तास लागलेत."

सगळे हसले. उदयसिंह हसले नाहीत. त्यांची बायको सुनीता जाऊन चार महिने झाले होते. कामाला लागायची घाई त्यांनीच केली होती. घरात बसवत नव्हतं.

"माझे संवाद काढून टाका," ते म्हणाले. "तिला नुसतं 'बसा' म्हणू दे. पुढचं मी बघतो."

टेक सुरू झाला.

"बसा ना जरा," वल्लरी म्हणाली.

उदयसिंहांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि तिच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "डॉक्टर आहेत ना."

आणि गेले.

कट म्हणायचं कुमारला सुचलंच नाही. मग तो खुर्चीतून उठला. "अंगावर काटा आला, उदयराव. थप्पड परवडली यापेक्षा. कुठून आणलंत हे?"

उदयसिंह दारातच उभे होते. पनवेलच्या दवाखान्यात, संध्याकाळी साडेपाचला, त्यांनी सुनीताच्या पायांवरची चादर अशीच सारखी केली होती. सहाला नाटकाची तालीम होती. तालीम संपवून ते परत आले, तेव्हा आया रिकाम्या खाटेवरची गादी उलटी करत होती.

"आता तिचं उत्तर हवं," कुमारला हुरूप आला होता. "वल्लरी, तू त्याला शाप दे. एकच वाक्य. घराघरांतल्या बायका टाळ्या वाजवतील."

"शाप नाही देणार ती," उदयसिंह म्हणाले.

"मग काय करेल?"

"काहीतरी खाऊन जा, म्हणेल."

"या राक्षसाला?"

"हो. त्यालाच."

कुमारनं वल्लरीकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती. "मी म्हणून बघते," ती म्हणाली.

दुसरा टेक. चादर झाली, घड्याळ झालं. उदयसिंहांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. "डॉक्टर आहेत ना."

"काहीतरी खाऊन जा," मागून आवाज आला. तक्रार नाही, रडणं नाही. रोज सांगावं तसं.

उदयसिंह वळले.

"कट. अहो, वळलात कशाला? इतकं छान चाललं होतं. हा माणूस वळत नाही, उदयराव."

"नाही वळत," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

त्यांनी पदकं सरळ केली आणि पुन्हा पलंगाशी जाऊन उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा टेक झाले. सहाही वेळा ते वळले.