अठ्ठ्याऐंशी नंबरचा हात

"धाव! डावीकडून धाव!" चेंडू हलायच्या आधीच ड्यूरीची पोरं ओरडली, आणि कॅल्डरची चाल खरोखरच डावीकडून गेली. तिथे सहा जण वाट अडवून उभेच होते. चेंडू काखेत मारून पळणारा पोरगा त्यांच्याखाली गडप झाला. एक पाऊलही पुढे सरकता आलं नाही.

कोच डेल क्राउझने चालींचा कागद मांडीवर आपटला. हे सातव्यांदा होत होतं. बावीस वर्षं तो कॅल्डर गावच्या शाळेला अमेरिकन फुटबॉल शिकवत होता. धावायचं की पास फेकायचा, हे त्याच्याच डोक्यात शिजायचं आणि तिथून थेट मैदानात जायचं. मग समोरच्या ड्यूरी गावच्या संघाला ते आधीच कसं कळतं? त्याला एकच उत्तर सुचलं. संघात कुणीतरी फितूर आहे.

टेक्सासच्या या कोपऱ्यात माणूस एखाद्या रविवारी चर्चला दांडी मारेल, प्लेऑफच्या बाद फेरीला मारणार नाही. शनिवारची दुपार होती आणि अख्खं कॅल्डर स्टँडमध्ये येऊन बसलं होतं. मागच्या वर्षी याच फेरीत हरल्यावर कुणीतरी डेलच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून गेलं होतं. आज हरलं तर ती पाटी खरी करावी लागणार होती. पशुखाद्याच्या दुकानाचा मालक तर वरून ओरडतही होता, "डेल, खोकी आणून देऊ का सामान भरायला?"

तेवढ्यात डेलला ते दिसलं. अठ्ठ्याऐंशी नंबरने हात वर केला.

अठ्ठ्याऐंशी नंबर म्हणजे वेस, त्याचाच मुलगा. दोन वर्षांपूर्वी सगळ्या गावादेखत त्याच्या हातून एक सोपा पास सुटला होता. तेव्हापासून बापाने त्याला समोरच्यांना ढकलून वाट करून द्यायच्या कामाला जुंपलं होतं. आताही वेस रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला, त्याने उजवा हात कानापर्यंत नेला, खाली आणला आणि ड्यूरीची पोरं ओरडली, "धाव!" पुढच्या चालीलाही तेच झालं. वेस ज्या मुलीबरोबर फिरायचा, ती ड्यूरीचीच होती.

हाफटाइमला कॅल्डर चौदा गुणांनी मागे होतं. कपडे बदलायच्या खोलीत डेलने दार लावून घेतलं.

"हात कुणाला दाखवत होतास?"

"डॅड, तो हात..."

"इथे मी कोच आहे."

"कोच, तो हात मी तुम..."

"गप! लेसी ना तिचं नाव? घरातून काय काय नेऊन दिलंस तिला? माझ्या चालींची वही? सांग ना या चाळीस जणांना!"

वेसचे कान लालबुंद झाले. त्याने ट्रेंटकडे पाहिलं. पास फेकणारा ट्रेंट पहिलीपासूनचा त्याचा दोस्त. ट्रेंट कचऱ्याच्या डब्यात थुंकला. "विकलंस ना आम्हाला, साल्या?"

"जर्सी काढ," डेल म्हणाला.

खांद्यांच्या जाड पॅडवरून जर्सी एकट्याला निघत नाही. मागून कुणीतरी ओढावी लागते, रोज एकमेकांची ओढतातच. आज कुणी जागचं हललं नाही. वेस डोकं आत अडकलेल्या अवस्थेत धडपडत राहिला आणि बाप हाताची घडी घालून बघत राहिला.

दुसऱ्या हाफला ड्यूरीची तोंडं बंद झाली. कुणी ओरडेना, कुणाला काही कळेना. कॅल्डर धावलं तेव्हा ते पासची वाट पाहत होते, आणि पास फेकला तेव्हा धावेची. एकवीस-चौदा. डेलला आता तिळमात्र शंका उरली नाही. फितूर गेला नि गळती थांबली, आणखी काय पुरावा हवा? बातमी तोंडातोंडी स्टँडपर्यंत पोचली होती. बाकाच्या टोकाला नोव्हेंबरच्या वाऱ्यात घामट बनियनवर बसलेल्या वेसच्या डोक्यावर वरून कुणीतरी बर्फाचा पेला रिकामा केला. त्याने केस पुसले नाहीत. शेवटची शिट्टी झाल्यावर तो उठला आणि पार्किंगकडे चालू लागला. लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली, अंगाला अंग लागू नये म्हणून. पशुखाद्यवाला आनंदाने ओरडला, "घरचा असून हाकललास, डेल! याला म्हणतात कोच!"

डेलची छाती फुगली. हस्तांदोलनाला ड्यूरीचा म्हातारा कोच अर्ल मोझली पुढे आला.

"आज मारलंस मला, डेल. दुसऱ्या हाफला अठ्ठ्याऐंशीला लपवलंस, तिथेच आमची कंबर मोडली."

"लपवला नाही, हाकलला. तुमचा फितूर होता तो. आता तरी कबूल कर."

अर्ल हसला. डेल थट्टा करत नाहीये, हे कळल्यावर त्याचं हसू ओसरलं.

"फितूर कशाला हवा? तुझ्या बारा मॅच टेपवर पाहिल्या. तो पोरगा आत आला की तू त्याच्याच मागून धाव घेतोस. दर वेळी. चेंडू त्याच्याकडे एकदासुद्धा फेकला नाहीस. म्हणून आम्ही त्याच्यावर माणूसच ठेवला नाही, सगळे धाव अडवायला लावले."

"मग तो हात?"

"कमाल करतोस! मोकळा असलेला पोरगा हात का वर करतो, हे मी तुला सांगू? पहिला हाफभर मला एकच धास्ती होती, की बापाला तो हात दिसेल."