उरलेलं पाणी

“शरयूकाकू, शेवटचं झाड तुमच्या हातून,” रविवारच्या श्रमदानाची प्रमुख मैथिली करवत पुढे करत म्हणाली. “या परदेशी गिरिपुष्पाखाली टेकडीची मूळची झाडं वाढत नाहीत.”

काकूंना ते पटत होतं. पण टेकडी उघडीबोडकी होती तेव्हा ही गिरिपुष्पं त्यांच्या दिवंगत यजमानांनीच लावली होती.

“त्यांचं चुकलं का गं?”

“तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं हो, काकू.”

दोघींनी मिळून झाड आडवं केलं. टेकडी उतरताना बाटलीत उरलेलं पाणी झाडाला घालायचं, हा यजमानांचाच नियम. काकूंनी सवयीने बाटली खुंटावर उपडी केली.

“अहो, थांबा! पाणी मिळालं की ते पुन्हा फुटेल!”

काकूंनी बाटली झटकन सरळ केली. अर्धं पाणी उरलं होतं. ते कुठे घालावं, त्यांना कळेना.