चूक साबणाची

"काल न्हाणीत घसरलो. चूक साबणाची. कुणाला सांगू नकोस."

चाळीसगावला एकट्या राहणाऱ्या अप्पांचा हा मेसेज मृण्मयीनं हसत हसत फेसबुकवर टाकला. आपला बाप किती गमतीदार लिहितो हे लोकांना कळू दे, एवढंच तिच्या मनात होतं. संध्याकाळपर्यंत साबणावर गुन्हा दाखल करा म्हणणारे शेकडो जण जमले.

रविवारी अप्पांचा फोन आला.

"दाढीला गेलो होतो गं. सलूनवाला विचारतो, अप्पा, साबणाला जामीन मिळाला का? सगळं दुकान हसलं."

"रागावलात?"

"छे. मीही हसलो की."

तिला हायसं वाटलं.

मग अप्पांच्या शेजारच्या काकूंनी कळवलं, की अप्पा हल्ली भिंत धरून चालतात आणि विचारलं तर विषय बदलतात. शरमेनं तिचे कान तापले. तिनं आधी ती पोस्ट काढून टाकली, मग लिहिलं, "अप्पा, पुन्हा पडलात का? मला तरी खरं सांगा."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी. हे फेसबुकवर टाकलंस तरी चालेल."