दारामागचा पाट

"तिन्हीसांजेला मागचं दार उघडायचं. दारामागच्या पाटावर बसायचं. कोंबड्या परत आल्याशिवाय उठायचं नाही. एवढं करशील ना?"

अखेरच्या घटका मोजणाऱ्या सासूचा हात हातात घेऊन सुनेने "हो" म्हटलं होतं. तो शब्द तिने दोन संध्याकाळ पाळला. तिसऱ्या संध्याकाळी मुंगसाने गल्लीतून एक तलंग कोंबडी उचलली. सून पाटावरच बसली होती, पण तिथून गल्ली दिसतच नव्हती. पिसं उडाली तेव्हा कळलं. त्याच दिवशी तिने दाराला कडी घातली.

कोंबड्या अंगणातच राहू लागल्या. मक्याचा भरडा, कोंडा, शिंपल्यांचा चुरा, सगळं सासूच्याच मापाने. तरी अंड्याची चव गेली.

सासऱ्यांनी पहिला घास तोंडात धरून ठेवला, मग ताटली सरकवली. "हे तिच्या हातचं नाही."

"बाबा, कोंबड्या त्याच आहेत."

"कोंबड्या त्याच असतील."

बायको गेल्यापासून त्यांच्या गळ्याखाली एक अर्धकच्चं अंडं तेवढं उतरत होतं. आता तेही थांबलं, दोन घोट पेज तेवढी उरली. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरू लागलं. खाद्यवाल्याच्या सल्ल्याने तिने मासळीचा चुरा घातला, तर अंड्यांना बंदराचा वास येऊ लागला. एक म्हातारी कोंबडी कापून सूप केलं, त्यालाही तोच वास. मग लसणाची पात घातली. त्या अंड्याला सासऱ्यांनी हातही लावला नाही. भिंतीकडे तोंड करून निजले.

आणि रोज तिन्हीसांजेला कोंबड्या बंद दारासमोर येऊन उभ्या राहायच्या. दाणा टाकला तरी हलायच्या नाहीत. माना तिरक्या करून ऐकत राहायच्या.

ऐकण्यासारखं होतंही. दारापलीकडून आवाज यायचा. "या, या, या." जरा बसका आणि तिसऱ्या 'या'ला लांबवलेला. सासूचाच. पाटामागच्या भिंतीवर सासूचं डोकं टेकून टेकून एक तेलकट काळा डाग पडला होता. त्याच्याकडे पाठ करून सून देवाचं नाव घ्यायची आणि आवाज थांबेपर्यंत उभी राहायची. दिलेला शब्द मोडला की माणूस तो मागायला परत येतं, असं तिला वाटू लागलं. कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा हसला असता.

कडी घातल्यापासून बाविसाव्या दिवशी सासऱ्यांनी पाणीही नको म्हटलं. त्या संध्याकाळी आवाज आला, तेव्हा सुनेने कडी काढली.

कोंबड्या तिच्या पायांमधून बाहेर धावल्या. गल्लीपलीकडे तेलघाण्याच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर ताट, ताटात कुटलेली तिळाची पेंड. सासूची धाकटी बहीण. बावीस वर्षं दोघी बोलत नव्हत्या. भांडण एका खाटेवरून झालं होतं. ती खाट मोडून, चुलीत जाऊनही जमाना झाला होता.

"मावशी, रोज तुम्हीच हाक मारत होता?"

"तुला काय वाटलं, ती?" म्हातारीने पेंडीची मूठ फेकली. "आमचा बाप म्हणायचा, दोघींना मिळून एकच गळा दिलाय देवाने. पण पोरी, दार लावलंस तू, म्हणून हाक मारावी लागली."

"मुंगूस येतं. आणि पाटावर बसून राखण होत नाही."

"राखण?" म्हातारी हसली. "त्या पाटावरून कोंबडीचं पीस तरी दिसतं का? मी तिच्याशी बोलत नव्हते, बाई. मी कोंबड्यांशी बोलायचे. कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा जावई पळाला. ती आत बसून ऐकायची. एकदा तिला हसू आवरलं नाही, वरून खोकल्याचं सोंग केलं. तेव्हापासून मी रोज एक तरी हसण्यासारखं शोधून आणायचे."

"पहिले तीन दिवस मी बसले होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"कोणाला सांगायचं?"

कोंबड्या पायरीभोवती टिपत होत्या. सुनेने सासऱ्यांचं सांगितलं. म्हातारी आत गेली आणि पेंडीने भरलेला पत्र्याचा डबा घेऊन आली.

"हीच ती चव. घरातच घाल, दिवसाला एक मूठ. दार लावून घेत जा. कशाला एकेक कोंबडी मुंगसाला देतेस? संपली की नवऱ्याला पाठव, घाण्यावर पडलेलीच असते."

पेंडीची चव अंड्यात उतरेपर्यंत सुनेने बळेच भरवलेल्या चार-चार चमचे पेजेवर सासरे तगले. अकराव्या दिवशी त्यांनी अंड्याचा घास घेतला, तोंडात धरला, आणि गिळला. मग बोटाने ताटली पुसली. "आली ती चव," एवढंच म्हणाले. सुनेने पदराने डोळे टिपले. डबा अजून निम्मा भरलेला होता. दाराला कडी होती. मुंगूस पलीकडे होतं. आता कशाची ददात नव्हती.

तिन्हीसांज झाली. दारापलीकडून "या, या, या" आलं नाही. गेले दहा दिवस ते आलं नव्हतं. कोंबड्या मात्र दारासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सुनेने गॅस बारीक केला. हात पुसले.

"कुठे निघालीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"इथेच, बाबा. मागे."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "एखादी कोंबडी जाईल."

"जाऊ दे."

तिने कडी काढली. कोंबड्या बाहेर गेल्या. ती पाटावर बसली, डोकं मागे टेकवलं. ते बरोबर त्या डागावर आलं. गल्लीत बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

मग सुनेने हळूच खोकल्याचं सोंग केलं.