पडद्यावरची बारकी नावं

या, जरा जवळ सरका. एका बापाची गोष्ट सांगतो.

आमच्या वाजिमा गावात त्सुकाहारा म्हातारबा लाखेचा लेप दिलेल्या लाकडी वाट्या घडवायचे. मुलगा मासात्सुगु ॲनिमेशनची चित्रं काढायला तोक्योला निघाला, तेव्हा ते कडाडले, "जा, पण आपल्या घराण्याचं नाव त्या पोरखेळाला लावू नकोस." रागात बोललेलं बाप विसरला, पोर विसरलं नाही. ‘किरिशिमा’ या टोपणनावाने तो मोठा दिग्दर्शक झाला. फोटो कधी छापू दिला नाही, घरीही सांगितलं नाही.

इकडे बाप एकूण एक ॲनिमेशनपट बघायचा.

"बाबा, संपलं. चला की," लेक म्हणायची.

"थांब गं. बारकी नावं यायचीत अजून. त्यातच असेल आपला."

म्हातारबा गेले. आमच्या रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकून मासात्सुगु कामावर परतला आणि प्रेक्षकांच्या साठलेल्या पत्रांचा खोका घेऊन बसला. एका पाकिटावर बापाचं अक्षर होतं.

 

"किरिशिमासाहेब, तुमच्या सगळ्या चित्रपटांतली नावं शेवटपर्यंत वाचली. माझा मासात्सुगु कुठेच नाही. पोर गुणी आहे हो. कधी भेटलं, तर त्याच्याकडे लक्ष असू द्या."